नेवाशाचें पीक आणि शेतकऱ्याचें खातें

नेवासें म्हटलें कीं, शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीचें स्मरण व्हावें, हें महाराष्ट्रास साजेसेंच आहे. परंतु प्रवरेच्या या कांठाला दुसरीही एक दीर्घ कथा आहे. ती शेतीच्या व्यवहाराची. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन थरांत रोमन बनावटीच्या कुंभांचे तुकडे मिळाले. याच तालुक्यांत प्रवरा गोदावरीस मिळते, आणि गोदेच्या प्रवाहाबरोबर खालीं गेल्यास पैठण लागतें. म्हणजे बाजार या भूमीस नवा नाहीं. प्रश्न इतकाच कीं, पिकाचा पैसा शेवटीं कोणाच्या पदरांत पडतो?

एकोणिसाव्या शतकांत त्याचें उत्तर सावकाराच्या वहींत होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) दख्खनच्या कापसाचे भाव चढले व कर्ज सहज मिळूं लागलें. युद्ध संपतांच भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलें. सरकारसारा रोख भरावयाचा, म्हणून पीक हातीं येतांच उतरत्या भावानें विकावयाचें, आणि पेरणीच्या वेळीं चढ्या भावानें बियाणें उसनें घ्यावयाचें. हा तोटा कुणब्याच्या आळसाचा नव्हता. त्याला थांबण्याची सोय नव्हती, याचा होता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुपें येथें दंगा उसळला आणि पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षां खतपत्रांवर अधिक होता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

१८७९ चा संकटनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. नेवासेंही त्यांतच आलें. न्यायाधीशास कर्जाचा मुळापासून हिशेब तपासतां येऊं लागला व ऋणकोची कैद टळली. परंतु सावकार गहाणाऐवजीं खरेदीखत लिहून मागूं लागले. कायद्यानें धनकोचा हात धरला. ऋणकोच्या हातीं भांडवल दिलें नाहीं.

तें देण्याचा मार्ग १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानें उघडला. पुढें १९५० सालीं लोणीच्या परिसरांत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मुळा धरणाचें पाणी नेवासें तालुक्यांत आलें, आणि भेंडें व सोनई येथेंही सहकारी कारखाने उभे राहिले. ऊंस पिकविणाराच कारखान्याचा भागीदार झाला, हा मोठा पालट होय.

तथापि ऊंस तोडल्यावर थांबत नाहीं. उशीर झाला कीं वजन व साखर दोन्ही घटतात. पीककर्जाची वसुलीही बहुधा त्याच उंसाच्या बिलांतून होते. अशा स्थितींत भागीदार सभासदास कारखान्याचा जमाखर्च विचारतां आला नाहीं, तर केवळ वहीचा धनी बदलला असें म्हणावें लागेल. म्हणून आम्हांस वाटतें, सहकाराची परीक्षा गाळपाच्या आंकड्यांनीं करूं नये; सामान्य सभासदास आपलें खातें वाचतां येतें काय व त्याबद्दल जाब विचारतां येतो काय, हें पाहून करावी.