एकट्याला न दिसणारं

"तान्ह्या बाळाला कसलं आलंय मानसिक आरोग्य?" आमच्या घरातल्या कुठल्याही लग्नामुंजीत हा प्रश्न मला एकदा तरी विचारला जातोच. विचारणारी मंडळी प्रेमाची असतात, म्हणून मी हसते आणि आणखी एक जिलबी घेते. मनातल्या मनात मात्र उत्तर चालू राहतं. आज ते जरा सविस्तर लिहिते. पण बाळांबद्दल नाही हं, बाळांबरोबर काम करणाऱ्यांबद्दल. ही माणसं आठवड्यातून एकदा पाच-सहा जणांचा गट करून बसतात, ती तिथे काय करतात आणि ही पद्धत आली कुठून, हे मला सांगायचंय.

गोष्ट सुरू होते लंडनला, १९४८ साली. टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांना मुलांच्या मानसोपचाराचं प्रशिक्षण सुरू करायचं होतं. त्यांनी बोलावलं एस्थर बिक या बाईंना. बिक मूळच्या पोलंडकडच्या, पशेमिश्ल गावच्या ज्यू. शिकल्या व्हिएन्नात, शार्लोट ब्यूलर यांच्या हाताखाली. ब्यूलर यांच्याकडे बाळांचं निरीक्षण म्हणजे मोजदाद असे. किती वेळा हसलं, किती वेळा हात पुढे केला, सगळ्याची नोंद. बिकबाईंना हे पटत नव्हतं. १९३८ मध्ये त्यांना व्हिएन्ना सोडावं लागलं. त्या इंग्लंडला पोचल्या, मागे राहिलेलं बहुतेक सगळं कुटुंब नाझींनी संपवलं. युद्धाच्या काळात त्यांनी मँचेस्टरकडच्या पाळणाघरांतून काम केलं. (हा सगळा भाग मी दोन-चार ओळींत उरकतेय, याचं मलाच वाईट वाटतंय. बाईंवर स्वतंत्र लिहायला हवं.)

तर या बाईंनी प्रशिक्षणात एक विलक्षण गोष्ट घातली. प्रत्येक विद्यार्थ्याने एक घर शोधायचं, जिथे बाळ नुकतंच जन्मलंय. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी तिथे जायचं आणि तासभर बसायचं. बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत. सल्ला द्यायचा नाही, तपासायचं नाही, आणि तिथे बसून लिहायचंही नाही. वही काढली की लक्ष वहीत जातं, असं त्यांचं म्हणणं. घरी येऊन आठवेल ते सगळं लिहून काढायचं. मग आठवड्याच्या सेमिनारमध्ये पाचेक जण एकत्र बसत आणि एकजण आपलं लिखाण वाचून दाखवी.

खरं काम इथे सुरू होई. वाचणारा म्हणाला, "आईने बाळाला वैतागून खाली ठेवलं," तर बाकीचे विचारणार : वैतागून म्हणजे कसं? हात कुठे होता? डोकं आधी टेकलं की पाठ? ती कुणाकडे बघत होती? 'वैतागून' हा शब्द बघणाऱ्याचा आहे, आईचा नाही, हे हळूहळू त्याच्याच लक्षात येई. आपण मराठीत किती पटकन शिक्के मारतो बघा ना. रडूबाई, हट्टी, आईवेडं. आणि जे बाळ रडतच नाही ते 'गुणी'. हा शेवटचा शब्द जरा बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक. तासभर कुणाच्या घरात गप्प बसणं सोपं नसतं. बाळ भुकेने कळवळतंय आणि आई फोनवर बोलतेय, तर बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. कुणाला आईचा राग येतो, कुणाला बाळाचा. गट या रागाचंही ऐकून घेई. त्याला कुणी हसत नसे, कुणी लगेच सिद्धांतही सांगत नसे. १९६० मध्ये लंडनच्या मनोविश्लेषण संस्थेनेही हे निरीक्षण आपल्या अभ्यासक्रमात घेतलं, आणि १९६४ मध्ये बिक यांनी या पद्धतीवर निबंध लिहिला. पुढे ती युरोपात आणि बाहेरही पसरली.

गंमत म्हणजे त्याच टॅव्हिस्टॉकमध्ये, साधारण त्याच सुमाराला, मायकेल बालिंट साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट घेऊ लागले होते. डॉक्टरांनी यायचं आणि छळणाऱ्या एखाद्या पेशंटबद्दल बोलायचं. हेच बालिंट एकेकाळी बिक यांचे मनोविश्लेषक होते. कुणी कुणाकडून काय घेतलं, या वादात मी पडत नाही. पण युद्धानंतरच्या त्या लंडनमध्ये काही माणसांना एकच गोष्ट कळली होती, की दुसऱ्याचं दुःख रोज ऐकणाऱ्याला स्वतः ऐकलं जाण्याची जागा लागते.

आता अमेरिकेत येऊ. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना ॲन आर्बर म्हणजे विद्यापीठ आणि फुटबॉल. मला ते गाव आठवतं सेल्मा फ्रायबर्गमुळे. बाई मूळच्या सोशल वर्कर, जन्म डेट्रॉइटचाच. बिक यांच्या परंपरेशी त्यांचा थेट संबंध नाही, त्यांनी वेगळ्या वाटेने सुरुवात केली. आंध‌ळ्या बाळांचा अभ्यास करता करता त्या बाळ आणि आई यांच्यातल्या नात्याकडे वळल्या. त्यांचे सहकारी घरोघरी जात. ऑफिसातल्या कोचापेक्षा स्वयंपाकघरातलं टेबल बरं, असा खाक्या. १९७५ मध्ये एड्ना ॲडेल्सन आणि व्हिव्हियन शापिरो यांच्यासह त्यांनी एक निबंध लिहिला, ज्याचं नाव मराठीत 'पाळण्याभोवतीची भुतं' असं करता येईल. या विषयात काम करणारं कुणीही तो वाचल्याशिवाय राहत नाही.

त्यात मेरी नावाची साडेपाच महिन्यांची मुलगी आहे (नाव अर्थातच बदललेलं). पोटाला मिळत होतं, स्वच्छही होती. पण डोक्याच्या मागच्या बाजूचे केस गेलेले, कारण बराचसा वेळ पाळण्यात पडून. फार शांत. आपल्याकडे कुणीतरी नक्की म्हणालं असतं, "किती गुणी आहे हो!"

एका भेटीचं चित्रीकरण झालं. मेरी आईच्या कुशीत असताना किंचाळून रडतेय, पण आईकडे वळत नाही. आई थोडंसं थोपटते, मग सोडून देते, दुसरीकडे बघत राहते. पाच मिनिटं हे असंच. त्या खोलीत ॲडेल्सन होत्या, आणि बाळाला उचलून घ्यावं या स्वतःच्या ऊर्मीला आवर घालत होत्या. त्यांनी उचललं असतं तर आईला काय कळलं असतं? की तुला जमत नाही, हेच ना?

नंतर सगळ्या टीमने एकत्र बसून ती टेप पाहिली. आणि तिथे, त्या बैठकीत, ते एकमेकांना म्हणाले की जणू या आईला बाळाचं रडणं ऐकूच येत नाहीये. त्यातून प्रश्न निघाला : का ऐकू येत नाही?

मला या जागी दरवेळी थांबायला होतं. 'वाईट आई' असा शेरा मारून फाइल बंद करणं सहज शक्य होतं. त्याऐवजी एक प्रश्न उभा राहिला, आणि तो टेपसमोर बसलेल्या सगळ्यांत मिळून उभा राहिला. ॲडेल्सन त्या घरी जात राहिल्या. आईचं स्वतःचं बालपण फार भयंकर होतं, आणि त्याबद्दल ती बोलायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. टीमचा तर्क असा, की तिचं जुनं रडणं आधी कुणीतरी ऐकलं पाहिजे, मग तिला मेरीचं ऐकू येईल. तसंच झालं. ती स्वतःच्या दुःखाने रडू लागली आणि त्याच दिवसांत मुलीला जवळ ओढून घेऊ लागली.

१९७७ मध्ये मिशिगनमध्ये या क्षेत्रातल्या लोकांची संघटना उभी राहिली. २००२ मध्ये तिने कामाच्या पात्रतेची रीतसर पद्धत आखली, आणि त्यात अशा सोबतीने विचार करण्याचे तास आवश्यक ठरवले. एकट्याने वरिष्ठाबरोबर किंवा गटात. अमेरिकेतल्या इतर बऱ्याच राज्यांनीही पुढे हीच पद्धत घेतली. चांगलंच झालं. पण तास मोजायचे म्हटलं की सही आली, सही आली की सहीपुरतं बसणं आलं. ब्यूलरबाईंची मोजदाद मागच्या दाराने परत घरात, असं मला कधी कधी वाटतं. असो.

आपल्याकडे १९७५ सालीच, २ ऑक्टोबरला, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. म्हणजे मेरीवरचा निबंध आणि आपली अंगणवाडी एकाच वयाच्या. अंगणवाडी सेविकेइतकी बाळं आणि आया दुसरं कोण बघतं? तिचं वजनकाट्याचं आणि आहाराचं काम महत्त्वाचं आहेच, त्याच्या नोंदीही लागतातच. पण सहा महिन्यांचं 'गुणी' बाळ बघून तिच्या पोटात कालवलं, तर ते बोलायला तिला कुणी आहे का?

मी स्वतः पंचवीसेक वर्षं अशीच घरोघरी हिंडले. एका संस्थेत (नाव नको) भेटीच्या फॉर्मवर 'काय सांगितले' असा रकाना होता, 'काय पाहिले' असा नव्हता. पान भरायचं आणि बसने घरी यायचं. रस्ताभर ते घर डोक्यात.

आता आम्ही चौघीजणी गुरुवारी दुपारी एकीच्या डायनिंग टेबलाशी बसतो. फोन दुसऱ्या खोलीत. एक वाचते, तिघी विचारतात, चहा शेवटी. या गुरुवारी आमच्यातली सर्वात धाकटी एका सात महिन्यांच्या मुलाबद्दल वाचणार आहे. मागच्या वेळी ती अर्ध्यावर थांबली होती, तर पुढचं ऐकायचंय.