बॉयलरचा गुरू गप्प का बसे?

कागद कारखान्यातला रिकव्हरी बॉयलर मोठा विचित्र असतो. लाकडाचा लगदा शिजवून उरलेला काळा द्रव त्यात जाळतात. त्यातून वाफ मिळते आणि तळाशी वितळलेल्या क्षारांच्या रूपात रसायने परत हाती येतात. याच क्षारांवर एखाद्या फुटक्या नळीतून पाणी पडले, तर स्फोट होऊ शकतो. बहुतेक ऑपरेटरांच्या नोकरीत असा प्रसंग येतही नाही. आला तर चुकून शिकायला सवड नसते. मग शिकवायचे कसे?

बेव्हर्ली वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली अमेरिकेत या बॉयलरच्या संगणकी शिक्षकावर निबंध वाचकांपुढे ठेवला. बॉयलरचे गणिती प्रतिरूप पडद्यावर चाले. सुरक्षितता, कार्यक्षमता, उत्सर्जन यांची मापे समोर दिसत. तेव्हाच तो अनेक कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांत पोहोचला होता. म्हणजे वर्गात नव्हे, कामाच्या जागी.

मला मात्र त्याचे मौन अधिक महत्त्वाचे वाटते. ऑपरेटर चुकला तरी हा शिक्षक लगेच तोंड घालत नसे. तो स्वतः सावरतो का, हे आधी पाही. जुना मिस्त्री नवख्याच्या हातातला पाना झटकन हिसकावत नाही, तसेच काहीसे. (आमच्या वेळचे मास्तर हिसकावत, हा भाग वेगळा.) अर्थात मिस्त्रीला भट्टीच्या आवाजावरूनही बिघाड कळतो. संगणकापाशी फक्त प्रतिरूप होते. पण तिथे बिघडलेला बॉयलर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून चालवायला घेता येई.