हिंव



कार्तिकात पहाटे काकड्याला निघालेली आमच्या मुरुडातली म्हातारी माणसे ‘लई हिंव वाजतंय’ म्हणतात. नातवंडे हसतात. त्यांना वाटते, ‘थंडी’ हा शुद्ध शब्द आणि ‘हिंव’ गावंढळ. म्हणून आज या शब्दाचे कूळ पाहू.

संस्कृतात ‘हिम’ म्हणजे बर्फ, तशीच थंडी आणि थंडीचा ऋतूही. वेदकाळी शंभर वर्षांचे आयुष्य मागताना शंभर हिवाळे मागत, ते याच शब्दाने. युरोपातल्या लॅटिन भाषेत हिवाळ्याला ‘हिएम्स’ म्हणत. तोही याच कुळातला. प्राकृतातून मराठीत येताना शब्दाच्या पोटातला ‘म’ झिजून ‘व’ झाला आणि हिमाचे हिंव झाले. हिमकालाचा हिवाळा झाला. याच वाटेने ग्रामाचे गाव, आमलकाचा आवळा आणि नामाचे नाव झाले. श्यामलाचा सावळाही तसाच झाला. विटेवरच्या सावळ्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. मग हिंवाने काय पाप केले?

आणि हिंव म्हणजे नुसती थंडी नव्हे. थंडी बाहेरून लागते, शेकोटीपाशी बसले की सरते. हिंव अंगात भरते. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबत नाहीत. पाठोपाठ ताप चढतो, म्हणून तो हिवताप. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. त्याच मलेरियाला सरकारी दप्तरात आजही हिवताप म्हणतात. जिल्ह्याला हिवताप अधिकारी असतो.

आता विचार करा. आजी म्हणते, ‘हिंव भरलंय.’ नात दवाखान्यात सांगते, ‘आजीला थंडी वाजते.’ थंडीला स्वेटर पुरतो. हिंवाला रक्त तपासावे लागते. शब्द हरवला की दुखणे सांगायची सोयही हरवते.

शके १२१२ मध्ये ज्ञानोबारायांनी गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत सांगितला. ती बोली त्यांना उणी वाटली नाही. तेव्हा वाचकहो, घरातल्या थोरांच्या तोंडचा शब्द दुरुस्त करण्याआधी त्याचा अर्थ विचारावा, आणि मुलांसमोर तो आपणही बोलावा.

रामकृष्णहरी.