चौकड्यांचा गुन्हा

हस्तव्यवसायाच्या तासाला कागदी चटया विणण्याची आमच्या शाळेत जुनी वहिवाट आहे. गेल्या वर्षी मी सहावीच्या वर्गात नवी टूम काढली. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातले टार्टन हे चौकड्यांचे लोकरी कापड चित्रात दाखवून मी म्हटले, "तिथे प्रत्येक कुळाची चौकडी पूर्वापार निराळी. तुम्हीही आपापल्या घराण्याची विणा." वाक्य ऐटीत बोललो खरा, पुढे ते महागात पडले.

कागदाची तांबडी पट्टी हिरवीवरून गेली तरी तांबडीच राहते. लोकरीच्या तिरप्या विणीत ताणाबाणा मिसळून तिसराच रंग भासतो. दोन रंगांचे तीन होतात, चारांचे दहा. म्हणून पुठ्ठ्याला खाचा पाडून आम्ही लोकरच ताणली. "आठ तांबडे, चार हिरवे, दोन पिवळे, मग उलट," अशी मुले पाढ्यांसारखी मोजू लागली. उभ्या धाग्यांचा जो क्रम, तोच आडव्यांचा.

विणताना गोष्ट हवीच. १७४६ साली कलोडनच्या माळावर स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्सच्या डोंगरी सैन्याचा पुरता मोड झाला आणि पार्लमेंटने त्यांच्या पोशाखावरच कायदा केला. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडात कोणाही पुरुषाने वा मुलाने डोंगरी पोशाख करायचा नाही, टार्टनचा कोट घालायचा नाही. पहिल्या खेपेस सहा महिने कैद, दुसऱ्या खेपेस सात वर्षे समुद्रापार! सरकारी पलटणीत मात्र तेच कापड खुशाल चालत होते. बायकांना मनाई नव्हती, हे ऐकून मुली फिदीफिदी हसल्या. मुले 'मुलाने' या शब्दावर गप्प झाली होती. कायदा उठला १७८२ मध्ये. तोवर ३५ वर्षे गेली.

ही गोष्ट नीट सांगावी म्हणून मी रात्री वाचत बसलो, तो माझेच वाक्य अंगावर आले. चौकड्या जुन्याच आहेत. ग्लेन अफ्रिकच्या दलदलीत मिळालेला तुकडा सोळाव्या शतकातला ठरला आहे. पण अमक्या कुळाची अमकी चौकडी, हा हिशेब बराच अलीकडचा. बॅनकबर्नचे विल्सन हे विणकर व्यापारी कितीतरी नमुने नुसत्या आकड्यांनी ओळखत. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. स्वागताची मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे होती, आणि त्या सोहळ्यापासून ज्याला त्याला घराण्याची चौकडी हवीशी झाली. (कादंबरीकाराच्या हाती समारंभ दिला की असेच व्हायचे, आमच्या स्नेहसंमेलनाचा अनुभव आहे.) १८४२ मध्ये, आपण त्याच चार्ल्सचे नातू आहोत असे सांगणाऱ्या दोघा भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावावर कुळवार नमुन्यांचा ग्रंथ छापला. ते हस्तलिखित अस्सल असल्याचे कधीच सिद्ध झाले नाही. त्यातल्या चौकड्या मात्र आजही कुळे अभिमानाने मिरवतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. मुलांनी पुठ्ठ्यांखाली 'आमच्या घराण्याची पुरातन चौकडी' असे आधीच लिहिले होते. 'पुरातन' खोडा, म्हटले. बऱ्याच जणांनी खोडले. मागच्या बाकावरची एक मुलगी पेन्सिल हातात धरून उभी राहिली. "गुरुजी, १८४२ ची त्यांची चौकडी आता पुरातन धरायची की नाही?"

मी खडू शोधायच्या निमित्ताने टेबलाचा खण उघडला.