वंशावळीत नसलेली लेक

पौष लागला की आमच्या भागात दोन मोठ्या गर्द्या जमतात. पहिली आमच्या हिवरा आश्रमात, विवेकानंद जन्मोत्सवाची. ती तिथीने, पौष वद्य सप्तमी धरून. उघड्या शेतात बसलेल्या पंगती, पुरी आणि वांग्याची भाजी, आणि वाढायला चक्क ट्रॅक्टर. दुसरी गर्दी सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या जन्मोत्सवाची, १२ जानेवारीला, तारखेने. खरं तर विवेकानंदांचा जन्मही १२ जानेवारीचाच, १८६३चा. पण आश्रमाने तिथी धरली, सिंदखेडने तारीख. म्हणून आमच्याकडच्या बायांना दोन्हीकडे जायला जमतं. मी दोन्हीकडे जाते. एक सासरचं गाव म्हणून, दुसरं आडनावाच्या ओढीने.

माहेरची मी जाधव. बुलडाणा जिल्ह्यात जाधव म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, “लखुजीराजांचे का?” आमचे नाना सरळ सांगायचे, “नाही हो, आम्ही राजाचे नाही, राजाच्या शेजारचे.” मला त्यांचं हे उत्तर आवडायचं. कारण ‘राजाचे’ म्हणवणाऱ्यांची मोजदाद केली, तर लखुजींच्या पदरी सगळा मुलूख नातेवाइकांचाच होता असं निघेल.

सिंदखेडचे जाधव आपलं मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडाली आणि लखुजी जाधवराव इतिहासात ठळकपणे दिसतात ते सोळाव्या शतकाच्या शेवटी. मधल्या अडीचशे वर्षांचा कागद कुणी मागू नये. दगड मात्र आहेत. २०२४च्या जूनमध्ये लखुजींच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं जतनाचं काम चालू असताना जमिनीखाली शेषशायी विष्णूचं मोठं शिल्प सापडलं. पायाशी लक्ष्मी, मागे समुद्रमंथनाचा देखावा. त्याने कुणाचं रक्त सिद्ध होत नाही. पण समाधी उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून ही जागा जागती होती, एवढं कळतं.

लखुजी सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतले मातब्बर सरदार. मलिक अंबरशी बिनसलं तेव्हा ते मोगलांकडे गेले, आणि मोगलांनी सगळ्या घराण्याला मिळून चोवीस हजारी मनसब आणि पंधरा हजार स्वार दिल्याची नोंद आहे. हा आकडा मला पहिल्यांदा भेटला तो ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात. हा डफ स्कॉटलंडमधल्या बँफ गावचा, साताऱ्याच्या छत्रपतींकडे रेसिडेंट म्हणून राहिलेला. त्याचा ग्रंथ १८२६मध्ये तीन खंडांत निघाला. जिथे माणूस आधी कुळाने ओळखला जायचा अशा देशातून तो आलेला. आपल्या घराण्यांची भांडणं त्याला फार समजावून सांगावी लागली नसतील.

लखुजींची लेक आणि शिवाजी महाराजांची आई जिजाऊ यांचा जन्म सिंदखेडच्या राजवाड्यात, १२ जानेवारी १५९८, पौष पौर्णिमा. रंगपंचमीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: लहानग्या शहाजीला आणि जिजाला रंग खेळताना पाहून लखुजी थट्टेने बोलले, शहाजीचे वडील मालोजींनी तो शब्द धरून ठेवला. नाटकाला ही गोष्ट फार सोयीची. शिवाजी महाराजांच्या काळातच लिहिलेल्या परमानंदाच्या शिवभारतात मात्र लखुजींनी वर पाहून, मनाजोगता वाटून लेक दिली असं आहे. मला हेच पटतं. देशमुखाच्या घरची सोयरीक थट्टेत ठरत नसते.

लग्नानंतरची गोष्ट मात्र थट्टेची नाही. निजामशाहीच्या दरबाराबाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून लखुजींचा मुलगा दत्ताजी आणि भोसल्यांची पोरं समोरासमोर आली. शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी यांच्या हातून दत्ताजी पडला. लखुजी माघारी वळले, त्यांनी संभाजीला मारलं, आणि या धुमश्चक्रीत शहाजीराजेही जखमी झाले. म्हणजे जिजाऊंचा भाऊ सासरच्या माणसाने मारला, दिराला बापाने मारलं आणि नवऱ्याच्या अंगावर बापाच्या हातचा घाव. एवढ्यावर त्या बाईच्या मनाचं वर्णन करायला लेखणी सरसावणारे पुष्कळ आहेत. मी नाही करणार.

मग २५ जुलै १६२९. लखुजी मोगलांकडून परत निजामशाहीत आलेले. दौलताबादच्या किल्ल्यात दरबारात बोलावून त्यांना, अचलोजी आणि रघोजी या मुलांना आणि नातू यशवंतरावाला कापून काढलं. शिवाजी महाराजांचा जन्म त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी, म्हणजे बातमी आली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. मागे उरलेली माणसं, लखुजींचे भाऊ जगदेवराव आणि मुलगा बहादुरजी, मोगलांच्या आश्रयाला गेली. लेक भोसल्यांकडे, माहेर मोगलांकडे. पुढे जिजाऊंनी मुलासाठी जाधवांचीच लेक काशीबाई सून म्हणून आणली. तुटलेलं सूत पुन्हा जोडलं ते बाईनेच.

सिंदखेडला समाधीच्या भव्य घुमटीखाली उभं राहिलं की त्या दिवशी मेलेले बाप-लेक-नातू एकत्र भेटतात. जिजाऊ तिथे नाहीत. त्यांची समाधी रायगडाखाली पाचाडला. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ला त्या गेल्या.

नंतरचा इतिहास भरभर सांगते, कारण तो सगळ्या सरदार घराण्यांचा असतो तसाच आहे. घराणं फुटत गेलं, गावोगाव पसरलं. देऊळगावराजा, आडगावराजा, किनगावराजा, मेहुणाराजा: नावाच्या शेवटी ‘राजा’ लागलेली आमच्याकडची गावं ही त्याची खूण. याच कुळातले धनाजी जाधव राजारामांच्या काळात सेनापती झाले, १७०८मध्ये वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन शाहू महाराजांशी बिघडून निजामाला मिळाला. १७२४मध्ये इथल्याच साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिझखानाला मारलं आणि हैदराबादचं राज्य पक्कं केलं. आमच्या पोरांना त्या गावची बस ठाऊक असते, लढाई नसते. शेवटी १८५१मध्ये देऊळगावच्या बाजीराव जाधवांच्या पदरच्या अरबांनी हैदराबादच्या फौजेशी झुंज घेतली. त्याचा ठपका बाजीरावांवर आला, वतन जप्त झालं आणि १८५६मध्ये ते कैदेतच मेले. कुळाची सत्ता तिथे संपली.

सत्ता संपल्यावर कुळाचं काय करायचं, हा प्रश्न स्कॉटलंडलाही पडला होता. स्काय बेटावरचं मॅक्लाउड घराणं घ्या. डनव्हेगनचा किल्ला त्यांचा. १९३५मध्ये सर रेजिनाल्ड मॅक्लाउड वारले, मुलगा नव्हता, आणि कुळाची प्रमुख झाली लेक, फ्लोरा. वय पन्नाशी ओलांडलेलं. या बाईने पुढे जगभर फिरून विखुरलेल्या मॅक्लाउडांच्या संस्था उभ्या केल्या, १९५६मध्ये डनव्हेगनला सगळ्या कुळाची परिषद भरवली, आणि १९७६मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेली. तलवारीचं कुळ तिने पत्रव्यवहाराचं आणि भेटीगाठींचं केलं.

आमच्याकडे हे काम झालं १९९० नंतर. त्या वर्षी १ सप्टेंबरला पेशाने अभियंता असलेल्या पुरुषोत्तम खेडेकरांनी अकोल्यात मराठा सेवा संघ काढला. पुढे जिजाऊ ब्रिगेड, संभाजी ब्रिगेड, वसतिगृहं, वधुवर मेळावे आणि सिंदखेडराजाला जिजाऊ सृष्टी. १२ जानेवारीला सूर्योदयाच्या वेळी लखुजींचे वंशज राजवाड्यात महापूजा करतात; मग लोंढा जिजाऊ सृष्टीकडे वळतो. वाडा म्हणजे घर, सृष्टी म्हणजे सभा. मला वाड्यातली पहाट आवडते, पण पुस्तकं घ्यायला मी सृष्टीवरच जाते. ओळीने मांडलेल्या त्या दुकानांवर डोक्यावर पदर घेतलेल्या बाया पुस्तक चाळून भाव करताना दिसतात. हे दृश्य साहित्य संमेलनातसुद्धा मला इतकं दिसलेलं नाही.

सगळंच गोड नाही. ५ जानेवारी २००४ला, जेम्स लेन यांच्या पुस्तकातल्या जिजाऊंविषयीच्या मजकुराच्या रागातून, संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला केला, ग्रंथांची आणि जुन्या पोथ्यांची नासधूस केली. राग मला कळतो. पण ज्या कुळाचा अर्धा इतिहास कागदाअभावी हरवलाय, त्याच्या लेकीच्या नावाने कागद फाडावेत हे नाही पटत. पुढच्या वर्षी १२ जानेवारीला सिंदखेडलाच सेवा संघाच्या पुढाकाराने शिवधर्म या वेगळ्या धर्माची घोषणा झाली. माझ्या ओळखीतल्या थोड्याजणींनी तो घेतला. बाकीच्या सत्यनारायणही घालतात आणि जिजाऊ वंदनाही म्हणतात.

मला सांगायचं आहे ते वेगळंच. लखुजींच्या घराण्याची कुठलीही जुनी वंशावळ पाहा: दत्ताजी, अचलोजी, रघोजी, बहादुरजी, त्यांचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे. लेकी बहुतेक नसतातच. सगळीकडे हीच रीत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्या बापावरून बापाकडे जातात. आणि आज लाखो माणसं सिंदखेडला येतात ती त्या रेघांतल्या एकाही मुलग्यासाठी नाही. दत्ताजीच्या नावाने कुणी गाडी करून येत नाही. येतात ते दिल्या घरी गेलेल्या, भोसल्यांची झालेल्या, इथल्या वंशावळीत जागा नसलेल्या मुलीसाठी. मॅक्लाउडांना मुलगा नव्हता म्हणून लेकीची पाळी आली. आमच्याकडे मुलगे होते. कुळ टिकलं लेकीच्या नावाने.

हल्ली वंशावळीला पुन्हा भाव आलाय. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारी लोक पेढे घेऊन यायला लागले. जातीच्या दाखल्यात एक गंमत आहे: लग्न झालेल्या बाईलाही सासरचा कागद चालत नाही, बापाकडचाच लागतो. सरकारला अजून तिचं माहेर हवं असतं.

माझी भाची याच कामासाठी आली होती. आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून पणजोबापासून झाड काढलं. तिने मुलग्यांच्या चौकटी काढल्या, मी हट्टाने प्रत्येक पिढीच्या लेकी घातल्या, कुठे दिल्या त्या गावांसकट. अर्जाला तेवढं लागत नाही म्हणून तिने पुरुषांची वेगळी प्रत करून जोडली. मोठा कागद माझ्याकडेच आहे. त्यात मेहकरच्या आत्याच्या मुली अजून भरायच्या राहिल्यात. त्यांची सासरची गावं आत्याला फोन करून विचारायची आहेत.