पन्नास रुपये महिना, मुक्काम कोठेही

भडगावच्या तरुणाला आज लॅपटॉप घेऊन परदेशी राहायचे, तर पासपोर्ट, व्हिसा, उत्पन्नाचा पुरावा सारे लागते. धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिलोनला गेले तेव्हा पारपत्राची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धात आली आणि १९२०च्या कायद्याने कायम झाली. शिवाय गोव्यातील साखवाळचा हा माणूस जन्माने पोर्तुगीज प्रजाजन. पुण्यास येणे हाही त्यांचा परदेशप्रवासच!

खर्चाचे काय? काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. सिलोनमध्ये श्रामणेर झाल्यावर विहाराने निवारा दिला, भिक्षेने अन्न. पुढे ब्रह्मदेशातही तेच. बदल्यात हाती आली पाली, कोठेही सोबत नेता येणारी विद्या.

तिच्याच बळावर सयाजीराव गायकवाडांशी करार झाला: महाराष्ट्रात कोठेही राहा, बडोद्यासाठी वर्षाला एक पुस्तक लिहा, दरमहा ५० रुपये घ्या. कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून कोसंबींनी तो पत्करला. १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी ते हार्वर्डला गेले.

या स्वस्ताईचा एक खर्च मात्र दुसऱ्याच्या नावे पडला. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले तेव्हा मुलगी तान्ही होती. पत्नी बाळाबाई सुमारे सात वर्षे गोव्यात वाट पाहत राहिल्या.