घासलेटच्या डब्यापासून शिक्रापूरच्या पाइपलाइनपर्यंत

दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि दौंडचं जंक्शन झालं. या मुलखात घासलेट आलं ते रेल्वेने. स्टेशनातून पुढे डबे बैलगाडीवर चढायचे आणि बाजाराच्या गावी उतरायचे. 1950च्या दशकात मुंबईत ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरणाचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यानंतर खंडाळ्याच्या घाटात टँकर वाढत गेले आणि घाट त्यांना पुरेना. 1985 मध्ये मुंबई-पुणे पाइपलाइनने पेट्रोल-डिझेल थेट लोणी काळभोरला आणलं. पुढे ती सोलापूरपर्यंत गेली. अलीकडे उरणहून चाकणमार्गे शिरूर तालुक्यातल्या शिक्रापूरपर्यंत स्वयंपाकाच्या गॅसची सुमारे 168 किलोमीटरची लाइन आली.

या नळीचा मूळपुरुष अमेरिकेतला. 1865 मध्ये सॅम्युएल व्हॅन सिकेल याने पेनसिल्व्हेनियात पाच मैलांची दोन इंची लोखंडी लाइन टाकली. पिंपं वाहून पोट भरणारे गाडीवान चवताळले आणि त्यांनी ती उखडायला सुरुवात केली. फायदा कुणाचा आणि तोटा कुणाच्या माथी, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पाइपलाइनला चिकटलेला आहे. आपल्याकडे तोट्याच्या बाजूला गाडीवानाच्या जागी आता शेतकरी आहे.

त्याला कारण पाइपलाइनसाठीच्या जमिनीचा 1962चा कायदा. त्यानुसार जमीन विकत घेतली जात नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. उभ्या पिकाची भरपाई मिळते आणि हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, तेही एकदाच. साधारण अठरा मीटरच्या त्या पट्ट्यात ऊस लावा, कांदा लावा. पण घर बांधायचं नाही, झाड लावायचं नाही, विहीर वा शेततळं खोदायचं नाही. शिरूरच्या कोरड्या पट्ट्यात विहिरीवरच्या बंदीचा अर्थ काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चांगलं पाणी नेमकं त्या पट्ट्यात लागलं, तर ते सोडून द्यायचं.

धोक्याची जातही लाइनीगणिक बदलते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो ओढ्यात, खड्ड्यात, विहिरीच्या तोंडाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. पेट्रोल-डिझेल मुरून पाण्यात उतरतं. 2021 मध्ये फलटण तालुक्यातल्या सासवडला चोरांनी पेट्रोलची लाइन फोडली. पेट्रोल शेतात पसरलं आणि विहिरीत गेलं. गंज नको म्हणून नळीला विजेचं संरक्षण असतं, लाइनमन पायी फिरतात. रात्री भोक पाडणाऱ्यापुढे हे सगळं अपुरं पडतं.

तरीही मी पाइपलाइनच्या बाजूचा आहे. जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ, पानेवाडीच्या तेल डेपोच्या परिसरात, टँकरमधली भेसळ पकडणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. जून 2023 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर ज्वलनशील द्रवाचा टँकर पेटला आणि चार जीव गेले. त्यांत पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारेही होते. इंधन जितकं रस्त्यावरून हलेल तितकी चोरीची, अपघाताची जागा वाढते. टँकर कमी झाले तर धूर कमी, डिझेल कमी आणि घाटातली माणसंही वाचतात. हा नफा खरा आहे.

हिशेब बिघडतो तो मोबदल्यापाशी. 2010च्या नियमांनी पाइपलाइनचं वाहतूक भाडं रेल्वेच्या मालभाड्याशी बांधलं: पेट्रोल-डिझेलला त्याच्या 75 टक्के, गॅसला पूर्ण 100 टक्के. म्हणजे प्रत्येक टनाचा, प्रत्येक किलोमीटरचा दर ठरवता येतो, आणि तो वर्षानुवर्षं वसूलही होतो. मग त्याच किलोमीटरमध्ये ज्याचा गट नंबर येतो, त्याला त्यातला छोटा वाटा दरवर्षी का देता येऊ नये? तेलाच्या लाइनीजवळच्या विहिरींचं पाणी दर पावसाळ्याआधी आणि नंतर तपासायचा खर्चही याच भाड्यातून निघू शकतो. त्यासाठी 1962च्या कायद्यातलं दहा टक्क्यांचं कलम बदलावं लागेल. चोरीच्या शिक्षा कडक करायला हाच कायदा 2011 मध्ये दुरुस्त झाला होता. विहीर गमावणाऱ्यासाठी तो पुन्हा एकदा उघडता येईल.